यजमान कोण? कामाच्या ठिकाणी आगतस्वागत परत आणण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या विमा कंपनीतल्या दावे विभागाचं आहे. कंपनीची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र घडले तसेच ठेवले आहेत. सल्लागार म्हणून मी या कामात जवळजवळ सुरुवातीपासून होते.

विभागाचं काम सांगायला सोपं आहे. आलेला दावा तपासायचा, कागदपत्रं पुरी आहेत का बघायचं, गरज पडली तर सर्वेक्षकाचा अहवाल मागवायचा आणि मुदतीच्या आत मंजुरी किंवा नकार कळवायचा. करायला मात्र ते जड आहे, कारण फोनच्या पलीकडचा माणूस बहुतेक वेळा अडचणीत असतो. अपघात, आजारपण, घरातला मृत्यू. ही मंडळी दिवसभर दुसऱ्यांच्या दुःखाच्या फायली हाताळतात.

पूर्वी या फायली एक ज्येष्ठ तपासनीस बाई हाताने वाटायच्या. कुणाकडे काम तुंबलंय, कुणाच्या घरी आजारपण चालू आहे, कुणाला सध्या मृत्यूचे दावे देऊ नयेत, हे त्यांना ठाऊक असायचं. फायली घ्यायला लोक त्यांच्या टेबलापाशी यायचे आणि दोन शब्द बोलून जायचे. मग सॉफ्टवेअर आलं आणि फायली आपोआप वाटल्या जाऊ लागल्या. रजेचा अर्ज ॲपवर गेला. नियमांबद्दलच्या शंका चॅटबॉटकडे गेल्या. ठरलेली टेबलं गेली, आल्यावर मोकळी जागा बघून बसायचं असं ठरलं. बरेच जण आठवड्यातले बहुतेक दिवस घरून काम करू लागले.

यातल्या एकाही बदलाला विरोध करावा असं त्यात काही नव्हतं. वाटपात पक्षपात होतो ही तक्रार मिटली, रजा लवकर मंजूर होऊ लागल्या, जाण्यायेण्याचा वेळ वाचला. पण प्रत्येक बदलाबरोबर एकमेकांशी बोलण्याचं एकेक निमित्त संपत गेलं. त्याची नोंद कुठल्याच अहवालात झाली नाही, कारण अशी निमित्तं कुणी मोजत नसतं.

प्रश्न कुठे उघड झाला

फायली वाटणाऱ्या त्याच बाई एका गंभीर आजारानंतर, लांबलचक रजा संपवून कामावर परतल्या. पहिल्या दिवशी त्यांचं प्रवेशकार्ड चाललं नाही. बरेच महिने न वापरलेलं कार्ड यंत्रणा आपोआप बंद करते. दारावरच्या सुरक्षारक्षकाने त्यांना ओळखलं, नावाने हाक मारली, बसायला खुर्ची दिली. आत सोडण्याचा अधिकार त्याला नव्हता. त्यांचे टीमप्रमुख त्या दिवशी घरून काम करत होते. कार्ड सुरू झालं, मग लॉगिनची वाट बघण्यात दुपार झाली. स्क्रीन उघडली तेव्हा रजेच्या काळात राहून गेलेल्या सक्तीच्या प्रशिक्षणांची यादी समोर आली. संध्याकाळपर्यंत पहिल्या फायलीही आल्या. त्यातले काही दावे, ज्या आजारातून त्या स्वतः उठल्या होत्या त्याच आजाराचे होते. कोणती फाइल कुणाला देऊ नये हे वर्षानुवर्षं जपणाऱ्या बाईंना त्या दिवशी ते जपणारं कुणी नव्हतं.

त्यांनी फायली पूर्ण केल्या, आणि काही आठवड्यांनी राजीनामा दिला. फॉर्मवर कारण लिहिलं ‘वैयक्तिक’. विभागप्रमुखांनी समोर बसवून आग्रहाने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, मला कुणी वाईट वागवलं नाही. मी आलेय हे कुणाला माहीतच नव्हतं.”

हे प्रमुख मुळात हिशेबी माणूस. आकड्यांशिवाय बोलत नाहीत. पण हे वाक्य त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी आधीच्या राजीनाम्यांचे फॉर्म काढले. बहुतेकांवर पगाराचं कारण होतं. सोडून गेलेल्यांपैकी जे बोलायला तयार होते त्यांच्याशी आम्ही बोललो. पगाराचा मुद्दा खोटा नव्हता, पण त्याच्या आधी दुसरं काहीतरी येत होतं. पहिल्या आठवड्यात कुणाला काय विचारायचं ते कळलं नाही. अवघड फाइल आली तेव्हा एकट्याने निर्णय घेतला आणि रात्री झोप लागली नाही. शेजारी रोज वेगळं माणूस बसायचं, नाव विचारायचं राहून गेलं. एक तरुण मुलगा म्हणाला, की नोकरी सोडली त्या दिवशी त्याने लॅपटॉप कुरिअरने पाठवला आणि मेल बंद झाला, एवढाच निरोप.

आधी काय करून पाहिलं होतं

कंपनीने हातावर हात ठेवले नव्हते. महिन्याचा करमणुकीचा कार्यक्रम होता, व्हिडिओ कॉलवरच्या प्रश्नमंजूषा होत्या, वर्षातून एक सहल होती. उपस्थिती घटत गेली, मग ती सक्तीची झाली, मग लोक कॅमेरा बंद ठेवून हजर राहू लागले. हे उपक्रम वाईट नव्हते, पण आधी ओळख नाही आणि एकदम मजा करा, ही अपेक्षा माणसांवर ओझं टाकते, असं माझं स्पष्ट मत आहे.

समोरचे पर्याय

वरिष्ठ व्यवस्थापनाला पहिला पर्याय पसंत होता: सगळ्यांनी रोज ऑफिसला यावं. त्यांची बाजू अगदीच निराधार नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या ६१ हजारांहून अधिक अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सगळेच घरून काम करू लागल्यावर संपर्काची जाळी आपापल्या गटापुरती आक्रसल्याचं दिसलं होतं. पण आमच्यासमोरचं उदाहरण नेमकं उलट होतं. बाई ऑफिसमध्येच आल्या होत्या, त्यांच्या आजूबाजूला माणसंही होती. नुसतं एका छताखाली बसवून त्यांच्या बाबतीत काय वेगळं झालं असतं, या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं. शिवाय घरून काम करता येतं म्हणूनच टिकून राहिलेले अनेक जण होते.

दुसरा पर्याय जागेचा. मधल्या भिंती काढून सगळं मोकळं करावं, म्हणजे लोक आपसूक बोलतील. इथे एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांचा २०१८ चा अभ्यास कामी आला. दोन मोठ्या कंपन्यांनी ऑफिस खुलं केल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल व संदेश वाढले, असं त्यांना आढळलं. सगळ्यांच्या नजरेसमोर बसलेला माणूस कानात हेडफोन घालतो, हे आम्हीही बघत होतोच. मात्र अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या टॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात दाखवलेली गोष्ट आम्ही धरून ठेवली: दोघांच्या टेबलांमधलं अंतर वाढलं की त्यांचं कामाविषयीचं बोलणं झपाट्याने घटतं. म्हणून भिंतींना हात लावला नाही. ठरलेल्या दिवशी एका टीमची माणसं एका ठिकाणी बसतील, आणि जागा त्यांचीच असेल, एवढं केलं.

तिसरा पर्याय माणसं जोडण्याचं हे काम बाहेरच्या संस्थेला कंत्राटाने देण्याचा. तो फार वेळ चर्चेत राहिला नाही.

चौथा पर्याय एका बैठकीत अचानक पुढे आला. न्यूयॉर्कमधले रेस्टॉरंट व्यावसायिक डॅनी मायर सेवा आणि आतिथ्य यांत फरक करतात. सेवा म्हणजे काम बिनचूक पार पाडणं, आतिथ्य म्हणजे ते होत असताना समोरच्याला काय वाटलं ते. आतिथ्याच्या क्रमात ते कर्मचाऱ्यांना ग्राहकांच्याही आधी ठेवतात. हे मी मांडलं तेव्हा एक टीमप्रमुख बाई म्हणाल्या, “आपल्याकडे सेवा सगळी आहे. कार्ड, लॉगिन, प्रशिक्षण, सगळं यंत्रणा करते. यजमान कोण आहे?” या प्रश्नानंतर चर्चेचा रोखच बदलला. घरी पाहुणा आला आणि घरातल्या प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने दार उघडलं असेल, तर पाहुणा बाहेरच उभा राहतो. इथे तसंच चाललं होतं.

निर्णय

ठरलं ते असं. विभागात नव्याने येणाऱ्या, लांब रजेवरून परतणाऱ्या आणि सोडून जाणाऱ्या प्रत्येकासाठी एक यजमान नेमायचा. सुरुवात दोन टीमपासून करायची. आणि फायलींच्या वाटपात माणसाचा हात पुन्हा आणायचा.

यातला पहिला कठीण मुद्दा यजमान कुणी व्हायचं हा होता. स्वेच्छेने नावं मागवली तर जवळजवळ सगळी नावं बायकांची आली. विभागप्रमुख ती यादी मान्य करायला निघाले होते, कारण उत्साह बघून त्यांना बरं वाटलं होतं. त्याच टीमप्रमुख बाईंनी विरोध केला. ज्या कामाने बढती मिळत नाही ती कामं बायकांकडे जास्त जातात, हे लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रयोगांतून दाखवलं आहे. कारण निव्वळ आवडीचं नाही. इतरांची तशी अपेक्षा असते आणि त्या नकार देणार नाहीत असं सगळे धरून चालतात. हा मुद्दा पटायला वेळ लागला. शेवटी पाळी लावली. विभागप्रमुखांसह सगळ्यांची नावं त्यात आली, आणि ज्या आठवड्यात यजमानपद असेल त्या आठवड्यात त्या माणसाच्या फायली कमी करायच्या असं लेखी ठरलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. वेळ न देता सोपवलेली आपुलकी दोन महिन्यांत आटते, आणि ती आटली की दोष त्या माणसाच्या स्वभावाला दिला जातो.

दुसरा मुद्दा मोजमापाचा. एचआरला प्रत्येक यजमानाला पाहुण्याकडून गुण हवे होते, म्हणजे डॅशबोर्डवर दाखवता येईल. व्यवस्थापनाला खर्चाचा हिशेब लागतो, त्यामुळे ही मागणी समजण्यासारखी होती. पण गुण लागले की माणूस गुणांसाठी हसतो. तडजोड अशी झाली की फक्त उघड दिसणाऱ्या गोष्टी तपासायच्या. कार्ड चालू होतं का, लॉगिन तयार होतं का, जागा ठरली होती का, येणाऱ्याचं नाव टीमला आधी कळवलं होतं का. बोलणं कसं झालं यावर गुण नाहीत.

हे कंपनीचं काम आहे का, असाही प्रश्न वरच्या बैठकीत निघाला. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबत देशाला सल्ला देणारे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांच्या कार्यालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी जी चौकट दिली, तिच्या पाच आधारांपैकी एक जोडलेपणा आणि समूहभावना हा आहे. हे दाखवल्यावर त्या बैठकीत वाद फारसा लांबला नाही.

प्रत्यक्ष काय केलं

यजमानाचं काम पहिल्या दिवसाच्या आधी सुरू होतं. तो किंवा ती येणाऱ्याला फोन करते, आपलं नाव सांगते, पहिल्या दिवशी दारात कोण भेटेल ते सांगते. घरून काम करणाऱ्यासाठी दार म्हणजे पहिला कॉल. त्या कॉलला विषयपत्रिका नसते आणि कॅमेऱ्याची सक्ती नसते. पहिल्या काही फायली दोघं जोडीने बघतात. नव्या माणसाला काम कळतं आणि जुन्या माणसाला तो माणूस कळतो. ओळख करून देण्यासाठी वेगळे खेळ घ्यावे लागले नाहीत, हे मला या पद्धतीचं बळ वाटतं.

फायलींच्या बाबतीत सॉफ्टवेअर काढून टाकलं नाही. साधे दावे तेच वाटत राहिलं. गुंतागुंतीचे आणि मनाला जड जाणारे दावे मात्र वेगळे काढून आठवड्याच्या बैठकीत ठेवायचे ठरले. कोण घेतो, कुणाला नको, कुणाला सोबत हवी, हे तिथे बोलून ठरतं. “हा मला सध्या नको” एवढं म्हणणं पुरेसं, त्याचं कारण कुणी विचारायचं नाही. ही बैठक रोज घ्यावी असा विचार आधी होता. रिट्झ-कार्लटन हॉटेलांत प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला कर्मचारी थोडा वेळ एकत्र जमतात, ते उदाहरण समोर होतं. पण तिथे सगळे एका वास्तूत एका वेळी असतात. इथे रोजची बैठक म्हणजे आणखी एक कॉल झाला असता.

सोडून जाणाऱ्यासाठी शेवटचा दिवस ठरवून एकत्र जेवणाचा वेळ राखायचा आणि मेल दिवस संपल्यावरच बंद करायचा, एवढंच ठरलं. केविन निफिन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अग्निशमन दलांच्या अभ्यासात एकत्र जेवण आणि गटाची चांगली कामगिरी यांचा संबंध दाखवला होता. तो आम्ही नियम म्हणून वापरला नाही, जेवणाची वेळ बैठकींपासून मोकळी ठेवण्यासाठी युक्तिवाद म्हणून वापरला.

जिथे अडलं

पहिल्याच काही आठवड्यांत एका यजमानाने, मनापासून आणि चांगल्या हेतूने, रजेवरून परतलेल्या सहकाऱ्याचं सगळ्या टीमसमोर टाळ्या वाजवून स्वागत केलं. रजा कशासाठी होती हेही सांगितलं. त्या सहकाऱ्याला ते सांगायचं नव्हतं. तो दिवसभर गप्प होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याने घरून काम मागितलं. यजमानाला फार वाईट वाटलं. चर्चेत काहींनी सुचवलं की परतणाऱ्यांसाठी ही पद्धतच बंद करावी. तसं केलं असतं तर ज्या घटनेतून सगळं सुरू झालं तिथेच आपण परत पोचलो असतो. त्याऐवजी आधीच्या फोनमध्ये तीन प्रश्न घातले: टीमला काय सांगू, पहिल्या दिवशी कुणाला भेटायला आवडेल, आणि काय करू नको. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं सर्वांत उपयोगी निघाली. एकीने सांगितलं, “कसं वाटतंय असं कुणी विचारू नका, फक्त काम कुठपर्यंत आलंय ते सांगा.” तिच्यासाठी तेच आतिथ्य होतं.

दुसरी अडचण आकड्यांची. सुरुवातीच्या महिन्यांत निकाली फायलींचा वेग थोडा मंदावला, आणि नोंदवलेल्या चुका वाढल्या. व्यवस्थापन घाबरलं. हा प्रयोग इथे थांबेल असं आम्हाला खरोखर वाटलं. तेव्हा एमी एडमंडसन यांचं १९९६ चं काम पुढे ठेवलं. रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासताना त्यांना आढळलं होतं की चांगल्या चाललेल्या परिचारिकांच्या गटांत नोंदवलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथे लोक चूक सांगायला भीत नव्हते. आमच्याकडेही तसंच आहे, हे मात्र नुसतं म्हणून चालणार नव्हतं. म्हणून चुका कुणी शोधल्या ते तपासलं. वाढलेल्या बहुतेक नोंदी ज्याच्या त्याने स्वतः, दावेदाराला पत्र जाण्याच्या आधी केलेल्या होत्या. लेखापरीक्षणात बाहेरून सापडणाऱ्या चुका वाढल्या नव्हत्या. विभागप्रमुखांनी हा तक्ता स्वतः मांडला आणि मुदतवाढ मागून घेतली. हिशेबी माणूस असण्याचा इथे फार उपयोग झाला.

परिणाम

पद्धत पुढे सगळ्या विभागात गेली. पहिल्या काही महिन्यांतच सोडून जाणं कमी झालं. जे गेले ते बहुतेक आधी बोलून गेले, आणि त्यांच्यातल्या एकाने नव्या ठिकाणी जाण्याआधी आपल्या जागी येणाऱ्याचं यजमानपद स्वतःहून मागून घेतलं. याचं श्रेय सगळं या बदलाला देता येणार नाही. त्याच वर्षी पगारांची फेररचना झाली होती, आणि दोन्हींचा परिणाम वेगळा काढता येईल अशी सोय आम्ही सुरुवातीला केली नव्हती.

जे मला खात्रीने सांगता येतं ते लहान आहे. अवघड फायलींच्या बैठकीला कुणी सक्ती केली नाही, तरी लोक येतात. ‘हा मला नको’ हे वाक्य आधी फक्त जुनी माणसं बोलायची, आता नवी मुलंही बोलतात. राजीनामा दिलेल्या बाईंना कंपनीने परत बोलावलं, त्यांनी नकार दिला. त्यांच्या बाबतीत झालेली हानी भरून निघालेली नाही, हे विभागाने आपल्या अहवालात स्पष्ट लिहिलं आहे आणि ते योग्यच आहे.

पुन्हा करायचं झालं तर

दोन टीमपासून सुरुवात केली तेव्हा बाकीच्या टीम तुलनेसाठी नीट नोंदवून ठेवायला हव्या होत्या. पगारवाढीचा घोळ त्यामुळे बराचसा टळला असता. परतणाऱ्याला आधी विचारायचं, हे एका माणसाला अवघडून टाकल्यावर सुचलं. ते पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं. घरून काम करणाऱ्या यजमानांसाठी आम्ही जवळजवळ काहीच वेगळं प्रशिक्षण दिलं नाही, आणि त्यांचे पहिले कॉल बराच काळ यांत्रिक राहिले.

याहून मोठी गोष्ट दारावरच राहून गेली. विभागातल्या सर्वाधिक लोकांची नावं कुणाला माहीत आहेत, हे आम्ही उत्सुकतेपोटी विचारत फिरलो, तेव्हा सगळ्यांत पुढे तोच सुरक्षारक्षक निघाला. त्याच्या मागोमाग सफाई करणाऱ्या दोन मावशी. बाईंच्या त्या दिवशी आतिथ्य असं जे काही झालं, ते त्यानेच केलं होतं. तरी पाळीच्या यादीत, बैठकांत, एकत्र जेवणात ही माणसं कुठेच नव्हती, कारण ती कंत्राटदाराची आहेत. आज येणाऱ्यांची नावं सकाळी रक्षकाच्या हाती असतात, आणि यजमान खाली येईपर्यंत पाहुण्याला आत बसवण्याचा अधिकार त्याला मिळाला आहे. पण कंत्राट बदललं की दारावरची माणसं बदलतात. पुढच्या नूतनीकरणात तीच माणसं कायम ठेवण्याची अट घालावी, असा प्रस्ताव विभागप्रमुखांनी खरेदी विभागाकडे दिला आहे. हे लिहिताना त्यावर निर्णय झालेला नाही.